पडद्याआडच्या अशिलांची वकील : कॉर्नेलिया सोराबजी

नाशिक म्हटले की पंचवटी, काळाराम मंदिर आणि सिंहस्थ आठवतात. माणसांची नावे काढली तर अनंत कान्हेरे, सावरकर, दादासाहेब फाळके, कुसुमाग्रज अशी मालिका सुरू होते. या मालिकेत कॉर्नेलिया सोराबजी हे नाव सहसा कोणी घेत नाही. भारतातील पहिल्या स्त्री-वकील म्हणून ज्यांचा उल्लेख होतो, त्या कॉर्नेलियाबाई १५ नोव्हेंबर १८६६ रोजी याच नाशकात जन्मल्या. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. म्हणून अशा 'पहिल्या' माणसाविषयी मला विशेष कुतूहल वाटले.

वडील सोराबजी खरसेटजी मूळचे पारशी. त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला व मिशनचे कार्य पत्करले. आज आपण ज्याला शरणपूर म्हणतो, तेथे त्या काळी मिशनची वसाहत होती. आई फ्रान्सिना हिला एका इंग्रज दांपत्याने दत्तक घेऊन वाढवले होते. कॉर्नेलियाबाईंचे बालपण बेळगाव व पुणे येथे गेले. डेक्कन कॉलेजात शिकून त्या मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या स्त्री पदवीधर झाल्या, आणि पहिल्या क्रमांकाने झाल्या. एरवी त्या क्रमांकावर इंग्लंडला जाण्याची सरकारी शिष्यवृत्ती मिळायची; बाईंना ती स्त्री म्हणून नाकारण्यात आली. काही काळ त्यांनी अहमदाबादच्या गुजरात कॉलेजात मुलांना इंग्रजी शिकवले. अखेर इंग्लंडमधील हितचिंतकांनी निधी जमवला. त्यांत फ्लॉरेन्स नाइटिंगेलही होत्या. १८८९ मध्ये बाई ऑक्सफर्डच्या सॉमरव्हिलमध्ये दाखल झाल्या.

१८९२ मध्ये खास परवानगी घेऊन त्या कायद्याच्या बी. सी. एल. परीक्षेस बसल्या. ही परीक्षा देणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. परीक्षा झाली, पण पदवी मिळाली नाही, कारण ऑक्सफर्ड तेव्हा स्त्रियांना पदवीच देत नसे. त्याच सुमारास आपल्याकडचा दुसरा एक तरुण लंडनहून बॅरिस्टर होऊन परतला होता. तो १८९३ मध्ये दादा अब्दुल्ला या पोरबंदरच्या व्यापाऱ्यांच्या दाव्यासाठी दक्षिण आफ्रिकेस गेला. तो तरुण म्हणजे मोहनदास गांधी. परक्या मुलुखात, परक्या कायद्याच्या भाषेत आपल्या अशिलाची बाजू समजावून देणे, हे दोघांचेही काम. गांधींजवळ सनद होती. बाई मात्र १८९४ मध्ये परतल्या त्या सनदेवाचून. त्यांनी १८९७ मध्ये मुंबईची एल्‌एल. बी. दिली, १८९९ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाची वकिलीची परीक्षा दिली. तरी दार उघडले नाही.

मग बाईंनी असे अशील शोधले, ज्यांच्यापर्यंत पुरुष वकील पोहोचूच शकत नव्हता. पडदानशीन विधवांच्या नावावर मोठमोठ्या जमीनदाऱ्या असत. खंडाची वसुली, कर्जाची फेड, दत्तकाचे वाद, पट्टे, हे सारे व्यवहार त्यांच्या नावाने चालत. परंतु वकिलाला भेटायचे तर मध्ये पडदा, आणि निरोप नेणारा दिवाण किंवा दीर. तो सांगेल तेच खरे! कायदा इंग्रजीत, कारभार स्थानिक भाषेत, वारसाहक्क कुठे हिंदू धर्मशास्त्राचा तर कुठे मुसलमानी शरियतीचा. या सर्व सीमा ओलांडून अंतःपुरात जाणारे माणूस सरकारला हवे होते. बाईंनी त्यासाठी सतत अर्ज-विनंत्या केल्या. १९०४ मध्ये बंगालच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्‌समध्ये त्यांची नेमणूक झाली. बंगाल, बिहार, ओरिसा, आसाम असा त्यांचा संचार होता. सुमारे सहाशे स्त्रिया व अनाथ मुले यांना त्यांची मदत झाली असे सांगतात.

पडदानशीन स्त्रीच्या दस्ताबाबत त्या काळच्या न्यायालयांनी, लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलनेही, एक तत्त्व मानले होते. दस्ताच्या आधारे हक्क सांगणाऱ्यानेच हे सिद्ध करायचे, की तो दस्त त्या स्त्रीला समजावून सांगितला होता आणि तिने तो उमजून केला. पुढे निरक्षर स्त्रीलाही हेच संरक्षण मिळाले. हे वाचताना मला माझी आजी आठवली. तिने भावांना हक्कसोडपत्र करून दिले, तेव्हा अंगठा कुठे उठवायचा एवढेच तिला दाखवले गेले. तिने पडदा कधी पाळला नाही. जन्मभर ती उन्हात राबली. तरी तिच्यात आणि त्या कागदात पडदा होताच. कायद्यात तत्त्व असणे पुरेसे नसते. ते त्या बाईच्या कानापर्यंत नेणारे कोणीतरी असावे लागते. कॉर्नेलियाबाईंनी तेच काम पत्करले होते.

त्यांची दुसरी बाजू लपवून चालणार नाही. १९०९ मध्ये त्यांना कैसर-इ-हिंद सुवर्णपदक मिळाले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात नाशकात कान्हेरे यांनी जॅक्सनचा वध केला. बाईंचा कौल इंग्रजी राज्याच्या बाजूने होता. गांधींच्या चळवळीस त्यांनी विरोध केला, आणि १९२७ च्या कॅथरीन मेयोच्या पुस्तकाची पाठराखण केल्याने त्या लोकांच्या मनातून उतरल्या. शिक्षणानेच स्त्री मोकळी होईल, राजकीय हक्क नंतर, असे त्यांना वाटे. मला ते पटत नाही. सनद नाकारणारे सरकारही इंग्रजांचेच होते, हे त्यांनी स्वतः सोसले होते.

ऑक्सफर्डची पदवी त्यांना १९२२ मध्ये, म्हणजे तीस वर्षांनी मिळाली. स्त्रियांना वकिलीची मुभा देणारा कायदा १९२३ मध्ये झाला. त्यानंतर त्या कलकत्त्यात वकिली करू लागल्या, पण तेव्हा वय सत्तावन्नच्या पुढे गेले होते. १९२९ मध्ये निवृत्त होऊन त्या लंडनला गेल्या व ६ जुलै १९५४ रोजी तेथेच निवर्तल्या. लंडनच्या लिंकन्स इनमध्ये २०१२ पासून त्यांचा अर्धपुतळा आहे.

आपल्या वर्गातील काही जण बी. ए. नंतर कायद्याकडे वळतील. त्यांच्यासमोर कधी अंगठा उठवायला आलेली एखादी बाई बसेल. तिच्या राजकीय मतांशी किंवा धर्माशी वकिलाला कर्तव्य नसते. कागद तिच्या भाषेत शेवटपर्यंत वाचून दाखवणे, आणि तिच्या नातलगांना तेवढा वेळ बाहेर बसवणे, हे मात्र त्याचे कर्तव्यच आहे. नाशकात जन्मलेल्या एका स्त्रीने सनद हाती नसतानाही ते केले होते.