भारतरत्न पां. वा. काणे: तळटिपांवर आयुष्य घालवणारा वकील आणि आजचा एआय

आज कुठल्याही नव्या ॲपबद्दल बोलायचं नाहीये. १८८० साली जन्मलेल्या एका वकिलाबद्दल बोलायचंय. त्यांनी आयुष्यात कॉम्प्युटर वापरला नाही. तरीही एआय वापरणाऱ्या प्रत्येक वकिलाने, आणि खरं तर आपणही, त्यांची कामाची पद्धत एकदा बघायला हवी.

हा विषय सुचला घरातूनच. माझा मामेभाऊ मलकापूरला वकिली करतो. वडिलोपार्जित शेतीच्या वाटणीची एक केस त्याच्याकडे आहे. मागच्या महिन्यात त्याने एका एआय चॅटबॉटला विचारलं, की आपल्या बाजूचा एखादा निवाडा सांग. दोन सेकंदांत उत्तर आलं. नागपूर खंडपीठाचा निवाडा, दोन्ही पक्षकारांची नावं, वर्ष, पान नंबर, सगळं व्यवस्थित. दादा खूश! त्याने तो परिच्छेद अर्जाच्या मसुद्यात टाकलाही. फक्त मला म्हणाला, मूळ निवाड्याची पीडीएफ तेवढी शोधून दे. मी हायकोर्टाच्या साइटवर दोन तास घालवले. तो निवाडा नाहीच. कधी नव्हताच.

त्याच संध्याकाळी दादाच्या ऑफिसातल्या कपाटात मामांच्या काळातली जुनी पुस्तकं चाळत होतो. एक जाडजूड खंड हाताला लागला. पानाचा वरचा भाग मजकूर, आणि खाली बारीक अक्षरात तळटिपा. काही पानांवर तर तळटिपाच जास्त. लेखक पांडुरंग वामन काणे.

काणे मूळचे कोकणातले. चिपळूणजवळ जन्म, दापोलीत शाळा. वडील तिथेच तालुक्याच्या कोर्टात वकील होते, म्हणजे दादासारखेच. पुढे मुंबईत विल्सन कॉलेज, संस्कृतमध्ये बक्षिसं, एम.ए. मग काही वर्षं सरकारी शाळांत मास्तरकी. ती सोडून १९११ मध्ये त्यांनी मुंबई हायकोर्टात वकिली सुरू केली. पुढच्याच वर्षी एलएल.एम. झाले. १९१७ पासून काही वर्षं सरकारी लॉ कॉलेजात शिकवलंही.

आता त्या काळातलं कोर्ट जरा डोळ्यांसमोर आणा. हिंदू वारसा, दत्तक, वाटणी यांचे आजच्यासारखे कायदे तेव्हा नव्हते. इंग्रजांच्या कोर्टात न्याय व्हायचा तो जुन्या संस्कृत ग्रंथांवरून आणि त्यांवर आधारलेल्या निवाड्यांवरून. म्हणजे हजार वर्षांपूर्वीच्या पुस्तकातला एक श्लोक कुणाला जमीन मिळणार हे ठरवायचा. बरं, सगळीकडे एकच ग्रंथ चालेल असंही नाही. गुजरात, मुंबई बेट आणि उत्तर कोकणात व्यवहारमयूख या ग्रंथाला मोठा मान, तर महाराष्ट्राच्या इतर भागांत मिताक्षरा आधी. श्लोक खरा असला तरी भाग चुकला की युक्तिवाद कोसळला.

हा व्यवहारमयूख सतराव्या शतकात काशीत नीलकंठ भट्टांनी लिहिला. त्यांचं घराणं मूळचं आपल्या पैठणचं. काणे यांनी या ग्रंथाची संपादित आवृत्ती करायला घेतली आणि ती १९२६ मध्ये आली. तिला जोडून धर्मशास्त्राच्या ग्रंथांची थोडी माहिती द्यावी, एवढाच बेत होता. कोणता ग्रंथ आधीचा, कोणता नंतरचा, कोणी कोणाचा श्लोक घेतला, हे ठरवता ठरवता माहिती वाढत गेली आणि त्याचं वेगळं पुस्तक झालं. धर्मशास्त्राचा इतिहास. पहिला खंड १९३० मध्ये पुण्याच्या भांडारकर संस्थेने छापला. शेवटचा आला १९६२ मध्ये. पाच खंड, साडेसहा हजारांवर पानं, आणि हे सगळं वकिलीचं काम सांभाळून. आम्ही सॉफ्टवेअरवाले स्कोप वाढला म्हणून रडतो, त्यांनी वाढलेल्या स्कोपला बत्तीस वर्षं दिली!

मला त्या पानांच्या आकड्यापेक्षा तळटिपा जास्त भारी वाटतात. काणे इंग्रजीत एखादं विधान करतात, आणि खाली मूळ संस्कृत वचन, ग्रंथाचं नाव, अध्याय, श्लोक क्रमांक. वाचणाऱ्याने लेखकावर विश्वास ठेवायची गरजच नाही, त्याने मूळ उघडावं आणि पडताळावं.

याची गरज किती होती त्याचं एक उदाहरण बघा. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात अंत्यविधीच्या वेळचा एक मंत्र आहे. त्यात सधवा स्त्रियांनी आधी पुढे यावं असा अर्थ आहे आणि शब्द आहे अग्रे. बंगालमधल्या एका धर्मग्रंथात तो अग्नेः असा आला. एका अक्षराचा फरक, आणि पुढे याचं झालं आगीत जा. १७९५ मध्ये कोलब्रूक या इंग्रज अभ्यासकाने त्या पाठावरून इंग्रजी भाषांतर केलं आणि चूक इंग्रजीतही गेली. मूळ मंत्राशी ताडून ती दाखवली जाईपर्यंत अर्धशतक उलटलं होतं. तोवर ती वेदाचा आधार म्हणून फिरत होती, आणि पणाला बायकांचे जीव होते. काणे यांनी दुसऱ्या खंडात सतीच्या प्रथेवर लिहिताना वेद, स्मृती, नंतरचे ग्रंथ असे सगळे पुरावे क्रमाने मांडले आणि सांगितलं की या प्रथेला वेदात निर्विवाद आधार मिळत नाही.

आता चॅटबॉट काय करतो ते समजून घेऊ. तो निवाडा शोधत नाही. त्याने लाखो कायदेशीर मजकूर वाचलेत, त्यामुळे निवाड्याचा संदर्भ दिसतो कसा हे त्याला पाठ आहे: अमुक विरुद्ध तमुक, वर्ष, रिपोर्टरचं नाव, पान. तुम्ही मागितलं की पुढचा शब्द कोणता शोभेल असं करत करत तो तसाच एक संदर्भ जुळवतो. खोटं बोलायचा त्याचा हेतू नसतो, कारण खरं-खोटं हा कप्पाच तिथे नाही. काही टूल आधी खऱ्या डेटाबेसमध्ये शोधतात आणि मग उत्तर लिहितात. ती बरी, पण खऱ्या निवाड्यातून चुकीचा अर्थ काढणं त्यांनाही जमतं.

आणि फसणारे काही नवखेच नसतात. २०२३ मध्ये न्यूयॉर्कमधल्या वकिलांनी एआयने रचलेले सहा निवाडे कोर्टात दिले आणि ५,००० डॉलरचा दंड भरला. आपल्याकडे ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई हायकोर्टाने आयकराचा एक आदेश रद्द केला. एका कंपनीचं उत्पन्न सुमारे २७.९१ कोटी धरणाऱ्या त्या आदेशात आधाराला घेतलेले तीन निवाडे अस्तित्वातच नव्हते. एआयने दिलेलं आंधळेपणाने न घेता आधी पडताळा, असं कोर्टाने बजावलं.

मग जे मूळ सापडतच नाही त्याचं काय करायचं? काणे यांच्यासमोर हा प्रश्न होता. कात्यायन हा जुना मोठा कायदेपंडित, पण त्याचा ग्रंथ हरवलेला. त्याचे श्लोक फक्त इतरांच्या पुस्तकांत विखुरलेले. काणे यांनी असे नऊशेहून अधिक श्लोक गोळा करून १९३३ मध्ये छापले. पण हा घ्या कात्यायनाचा मूळ ग्रंथ, असं म्हटलं नाही. कोणता श्लोक कोणत्या पुस्तकात सापडला ते दिलं. एआयच्या कुठल्याही टूलमध्ये मला ही एवढी एकच गोष्ट हवीय, की हे कुठून आणलंस ते सांग, आणि नसेल माहीत तर नाही म्हण.

(जाता जाता: मलकापूरला मी ज्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकलो ते डॉ. वि. भि. कोलते यांच्या नावाचं आहे. जवळच्याच नरवेलचे कोलते. त्यांनी महानुभावांच्या पोथ्या ताडून लीळाचरित्र संपादित केलं. चार वर्षं गेटवर ते नाव वाचलं आणि कधी गुगलसुद्धा केलं नाही. असो.)

काणे पुढे मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झाले. १९५३ ते १९५९ राज्यसभेत नामनियुक्त सदस्य होते, म्हणजे १९५६ चा हिंदू वारसा कायदा झाला तेव्हा ते संसदेत होते. ज्या विषयातल्या जुन्या श्लोकांवर आयुष्य काढलं, त्यातले बरेच त्या कायद्याने कोर्टापुरते मागे पडले. त्यांचं लिहिणं मात्र थांबलं नाही. शेवटचा खंड आला तेव्हा ते ८२ वर्षांचे होते. १९६३ मध्ये भारतरत्न मिळालं आणि १९७२ मध्ये ते गेले. सुप्रीम कोर्टाचे न्यायाधीश आजही निवाड्यांत त्यांच्या खंडांचा आधार घेतात.

दादाने एआय सोडलेला नाही, आणि सोडूही नये. लांबलचक निवाड्याचा गोषवारा काढायला, इंग्रजी मसुदा नीट करायला तो वापरतो. अशिलाचं नाव, गट नंबर, आधार कार्ड मात्र चॅटमध्ये टाकत नाही, कारण अशिलाने ती माहिती वकिलाला दिलेली असते, सर्व्हरला नाही. निवाडा हवा असला तर सुप्रीम कोर्टाच्या ई-एससीआरवर किंवा हायकोर्टाच्या साइटवर जातो. दोन्ही फुकट आहेत आणि फोनवर उघडतात. तो बनावट परिच्छेद त्याने खोडला आणि त्या जागी दोन खरे निवाडे टाकले, एक थोडा आपल्या विरोधात जाणारा. सही करण्याआधी दोन्ही पूर्ण वाचले. रात्रीचे साडेअकरा वाजले होते, आणि मामी जेवायला हाका मारून थकल्या होत्या.