रमाबाईंचं इंग्रजी

बारावीला इंग्रजीत बऱ्यापैकी मार्क पडलेली आपली मंडळी जीडीला बसली की एकदम गप्प! मराठी माध्यमवाल्यांचं तर विचारूच नका. मराठीत क्रियापद शेवटी येतं, ए-ॲन-द हा प्रकारच नाही, आणि टेबलावर या शब्दातला शेवटचा वर इंग्रजीत टेबलाच्या आधी जाऊन बसतो. घोळ होणारच. पण हे नियम दोन-तीन महिन्यांत डोक्यात शिरतात. तोंड उघडत नाही ते लोक हसतील म्हणून. निदान आमच्या विंगमध्ये तरी मी हेच पाहतोय. म्हणून या अंकासाठी रमाबाई रानडे यांच्यावर लिहायचं ठरवलं. त्यांच्या गोष्टीत आपलं नाशिकही येतं.

सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या कुर्लेकरांची ही मुलगी. १८७३ साली, ११व्या वर्षी लग्न झालं तेव्हा अक्षरओळखसुद्धा नव्हती. नवरा म्हणजे न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे, जन्म आपल्या निफाडचा. पहिली पत्नी वारलेली, वय ३१. विधवाविवाहाचा पुरस्कार करणाऱ्या माणसाने वडिलांच्या आग्रहापुढे मान तुकवून लहान मुलीशी लग्न केलं म्हणून तेव्हाही टीका झाली, आणि ती चुकीची होती असं मला वाटत नाही. पण त्यांनी बायकोला शिकवायला लगेच सुरुवात केली, हेही खरं.

पुण्याच्या वाड्यात घरातल्या मोठ्या बायकांना हे शिकणं अजिबात पसंत नव्हतं. टोमणे, अबोला, सगळं झालं. माधवराव सकाळी कोर्टात जायचे, स्वयंपाकघरात दिवसभर उभं राहायचं ते रमाबाईंना! १८७८ साली माधवरावांची बदली नाशिकला झाली. सार्वजनिक सभेच्या कामामुळे सरकारची त्यांच्यावर नजर होती. पण रमाबाईंना ही बदली लाभली. नाशिकच्या आणि पुढे धुळ्याच्या मुक्कामात अभ्यासाला मोकळीक मिळाली. पहिलं जाहीर भाषण त्यांनी केलं तेही नाशिकच्याच एका शाळेच्या समारंभात. भाषण माधवरावांनी लिहून दिलं होतं. म्हणजे सुरुवात दुसऱ्याने लिहून दिलेलं वाचण्यापासून झाली. आपण पाठ केलेलं सेल्फ इंट्रोडक्शन म्हणतो, त्यात लाजायचं काही नाही बघा.

पुण्यात परत आल्यावर इंग्रजी शिकवायला मिस हरफर्ड घरी येऊ लागल्या. मडमेला शिवलं म्हणून शिकवणी संपली की अंघोळ करायची, मगच घरात वावरायचं! एक धडा, एक अंघोळ. आपल्याकडे हॉस्टेलवर गरम पाणी नसलं तर लेक्चर बुडतं.

१८८४ साली पुण्यात मुलींची हुजूरपागा शाळा सुरू झाली. त्यासाठी झालेल्या सभेत गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांच्यासमोर रमाबाईंनी इंग्रजीत निवेदन वाचून दाखवलं. ११ वर्षांपूर्वी ग म भ न न येणारी बाई! सभेत कौतुक झालं, आणि घरी आल्यावर ऐकून घ्यावं लागलं ते वेगळंच. त्यांनी उलट उत्तर दिलं नाही, पण अभ्यासही सोडला नाही.

मला सगळ्यात आवडणारा प्रसंग मात्र इंग्रजीचा नाही, बंगालीचा आहे. १८८६ साली माधवराव सरकारच्या फायनान्स कमिटीवर होते, तेव्हा दोघांचा मुक्काम कलकत्त्याला होता. तिथे माधवरावांनी बंगाली शिकायला घेतलं. दाढी करायला न्हावी आला की पुस्तक समोर धरून ते त्यालाच शब्दांचे उच्चार आणि अर्थ विचारायचे. हायकोर्टाच्या जज्जाच्या लायकीचा माणूस न्हाव्याला विचारतोय, याची रमाबाईंना गंमतही वाटली आणि थोडं कसंसंही झालं. माधवरावांना त्यात काहीच वावगं वाटत नव्हतं. पुढे रमाबाई स्वतःही बंगाली शिकल्या.

१९०१ साली माधवराव गेले. पुढे रमाबाईंनी सेवासदनाच्या कामाला वाहून घेतलं, मुंबईत १९०८ आणि पुण्यात १९०९ पासून. विधवा, परित्यक्ता, शिकायचं राहून गेलेल्या संसारी बायका तिथल्या वर्गांना येऊन बसायच्या. त्यांतल्या कित्येक जणी पुढे नर्स आणि शिक्षिका होऊन स्वतःच्या पगारावर उभ्या राहिल्या.