वीस जणांचे संमेलन

संमेलन म्हटले की आम्हा रत्नागिरीकरांना १९९० सालचे साहित्य संमेलन आठवते. मधु मंगेश कर्णिक त्याचे अध्यक्ष होते. मला मात्र अप्रूप वाटते ते एका अगदी चिमुकल्या संमेलनाचे. ३ जानेवारी १९३७ रोजी इंग्लंडमधील लीड्स शहरात, थिऑसॉफिकल सोसायटीच्या सभागृहात, विज्ञानकथांचे वीसेक वेडे जमले. चंद्रावर जाण्याच्या गोष्टी वाचणाऱ्यांना तेव्हा लोक हसत. त्या वीस जणांत एकोणीस वर्षांचा एक कारकून होता. त्याचे नाव आर्थर क्लार्क.

त्याचा जन्म १६ डिसेंबर १९१७ चा, माइनहेड या समुद्रकाठच्या गावचा. वडील लवकर गेले, शेतीचा भार आईवर पडला. अमेरिकन मासिकांचे स्वस्तातले अंक जमवणे हा मुलाचा छंद. हुशारी होती, पण कॉलेजपुरता पैसा नव्हता. आपल्याकडची मुले मॅट्रिक होऊन मुंबईची बोट धरीत, तसा तो १९३६ साली लंडनला सरकारी कचेरीत हिशेब तपासायला गेला.

तिथे त्याला आपल्यासारखेच वेडे भेटले. ही मंडळी नुसत्या गोष्टी वाचून थांबत नसत. ब्रिटिश इंटरप्लॅनेटरी सोसायटीत बसून ती चंद्रयानाची आकडेमोड करीत. क्लार्क या संस्थेचा खजिनदार झाला. महायुद्धात हवाई दलात रडारचे काम केले. १९४५ साली त्याने एक लेख लिहिला. विषुववृत्तावर सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवर तीन उपग्रह ठेवले, तर जगभर संदेश पोहोचतील, असा त्याचा हिशेब होता. युद्ध संपल्यावर त्याने राहिलेली पदवीही घेतली.

१९५६ साली न्यूयॉर्कच्या जागतिक विज्ञानकथा संमेलनात तोच कारकून सन्माननीय पाहुणा होता. त्याच्या कथेला ह्यूगो पारितोषिकही मिळाले. त्याच वर्षी समुद्रात बुड्या मारण्याच्या ओढीने तो श्रीलंकेत स्थायिक झाला.

१९७५ साली भारताने उपग्रहाद्वारे सुमारे २४०० खेड्यांत दूरदर्शन पोहोचवले. तेव्हा आपल्या इस्रोच्या अभियंत्यांनी कोलंबोत क्लार्कच्या घरावरही अँटेना बसवली. श्रीलंकेत त्या वेळी दूरदर्शन केंद्रसुद्धा नव्हते. तीस वर्षांपूर्वी कागदावर मांडलेला हिशेब त्याने आपल्याच घरात चित्ररूपाने पाहिला. उतारवयात पोलिओच्या परिणामांमुळे तो चाकाच्या खुर्चीला खिळला, तरी लिहीत राहिला. १९ मार्च २००८ रोजी, नव्वदाव्या वर्षी, कोलंबोतच त्याचे निधन झाले.

क्लार्कची बुद्धी उपजत होती, हे खरेच. पण हसणाऱ्या जगात त्याला न हसणारी वीस माणसे मिळाली, हे मला तितकेच मोलाचे वाटते. आपल्या घरातही एखादे पोर परग्रहांच्या गोष्टींत डोके खुपसून बसलेले असेल. अभ्यास सोडून हे काय, असे म्हणण्याआधी त्याच्यासारखीच चार पोरे शोधा आणि ओटीवर बसवा. चहा-पोह्यांचा खर्च फारसा येणार नाही.