सिनेमात नाव झालं होतं, तरी पन्नालाल घोष पस्तिशीनंतर पुन्हा शिकायला बसले

आज शास्त्रीय मैफिलीत कुणी बासरी घेऊन बसलं तर त्याचं कुणालाच नवल वाटत नाही. पण शंभर वर्षांपूर्वी बासरी म्हणजे गुराख्याची, जत्रेतली, फार तर नाटका-सिनेमात मागे वाजणारी. सतार, सरोद, सारंगीच्या पंगतीत तिला पाट नव्हता.

तो पाट मांडला पन्नालाल घोष यांनी.

जन्म 24 जुलै 1911, गाव बारीसाल. हे आज बांगलादेशात येतं. मूळ नाव अमलज्योती. वडील सतार वाजवायचे, त्यामुळे गाणं घरातच होतं. पोराला मात्र व्यायामशाळेचा आणि बॉक्सिंगचाही तेवढाच नाद. पुढे कलकत्त्यात न्यू थिएटर्सच्या सिनेमांसाठी ते वाजवू लागले.

अडचण अशी होती की बासरीवर ख्याल शिकवणारं घराणंच नव्हतं. मग शिकायचं कुणाकडे? पन्नालाल गेले खुशी मोहम्मद खान यांच्याकडे, आणि ते होते हार्मोनियमचे उस्ताद! पेटीवर मींड निघत नाही आणि बासरीचा सगळा जीव मींडेत, तरीही रागदारीचा पाया तिथेच घातला गेला. त्यानंतर गिरिजाशंकर चक्रवर्ती यांच्याकडे तालीम झाली.

दुसरी अडचण खुद्द बासरीची होती. छोट्या बासरीचा आवाज उंच आणि बारीक. त्यात आलापीला लागणारं गांभीर्य येईना. पन्नालाल यांनी प्रयोग करत करत जवळपास 32 इंचांची बासरी बनवली. बांबू लांब झाला की स्वर खाली उतरतो, पण भोकं लांब जातात, बोटं ताणावी लागतात आणि फुंकही जास्त लागते. तालमीत कमावलेला दम इथे कामी आला असेल तर नवल नाही.

त्यांनी करंगळीसाठी सातवं भोकही पाडलं. नेहमीच्या बासरीची सहाही भोकं बंद केली की मंद्र पंचम मिळतो आणि तिथे वाट संपते. सातव्या भोकामुळे त्याच्या खालचा तीव्र मध्यमही हाताशी आला.

1940 साली ते मुंबईत आले. पत्नी पारुल घोष नावाजलेल्या पार्श्वगायिका, मेहुणे संगीतकार अनिल विश्वास. 1942 च्या बॉम्बे टॉकीजच्या ‘बसंत’ला संगीतकार म्हणून पन्नालाल यांचं नाव लागलं. पिक्चर गाजला. छोटी मधुबाला पहिल्यांदा पडद्यावर दिसली ती यातच.

म्हणजे नाव होतं, काम होतं, बिऱ्हाड मुंबईत स्थिरावलं होतं. अशा वेळी माणूस काय करतो? आहे ते सांभाळतो.

पन्नालाल यांनी 1947 साली बाबा अल्लाउद्दीन खान यांचं शिष्यत्व पत्करलं. रविशंकर आणि अली अकबर यांना घडवणारे, शिस्तीला भलतेच कडक असलेले हे बाबा. त्यांच्याकडे शिकायचं तर आधीची वाहवा दाराबाहेर ठेवूनच आत जावं लागे. पन्नालाल सहा महिने मैहरला राहिले. बाबा स्वतः सरोदिये, म्हणजे या खेपेलाही गुरू बासरीवाला नव्हताच. तारेवरचं आणि गळ्यातलं फुंकेत कसं आणायचं, हे ज्याचं त्यानेच शोधायचं.

1956 मध्ये ते दिल्लीला आकाशवाणीच्या राष्ट्रीय वाद्यवृंदाचे संचालक झाले. 20 एप्रिल 1960 रोजी ते गेले, तेव्हा वय होतं अवघं 48. सात भोकांची बासरी पुढे त्यांचे शिष्य आणि जावई देवेंद्र मुर्डेश्वर यांनी वाजवत ठेवली.

आणि पुढे मुंबईच्या सिनेसृष्टीत चांगलं बस्तान बसलेला आणखी एक बासरीवाला असाच शिकण्यासाठी एका दारात जाऊन उभा राहिला. दार होतं बाबांच्या कन्या अन्नपूर्णा देवींचं, आणि बासरीवाले होते हरिप्रसाद चौरसिया.