विश्लेषण : ब्रुकलिनने वॉल्टर ओमॅलींना खलनायक का ठरवले?

अमेरिकी बेसबॉलमध्ये चाहत्यांचे सर्वाधिक शिव्याशाप खाल्लेल्या संघमालकांत वॉल्टर ओमॅली यांचे नाव अग्रभागी येते. ८ ऑक्टोबर १९५७ रोजी त्यांचा ब्रुकलिन डॉजर्स संघ न्यूयॉर्क सोडून लॉस एंजेलिसला जाणार असल्याचे जाहीर झाले. त्यानंतर ब्रुकलिनमध्ये त्यांची गणना थेट हिटलर, स्टॅलिन यांच्यासोबत करणारे विनोद रूढ झाले. पण दोष एकट्या ओमॅलींचा होता का?

ओमॅली कोण होते?

त्यांचा जन्म १९०३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये झाला. वकिली करणारे ओमॅली १९४३ मध्ये डॉजर्सचे कायदेविषयक काम पाहू लागले आणि १९५० मध्ये क्लबचे अध्यक्ष झाले. १९५५ मध्ये डॉजर्सने यांकीज संघाला हरवून ‘वर्ल्ड सीरिज’ जिंकली. ब्रुकलिनला मिळालेले हे एकमेव विजेतेपद. दोनच वर्षांत संघ गेल्याने चाहत्यांची जखम अधिक खोल झाली.

संघ हलवण्याची वेळ का आली?

१९१३ मध्ये सुरू झालेल्या एबेट्स फील्डमध्ये सुमारे ३२ हजार प्रेक्षक मावत, मात्र पार्किंग जेमतेम ७०० मोटारींचे होते. अनेक चाहते उपनगरांत राहायला गेले होते. १९४७ मध्ये हंगामात १८ लाखांवर गेलेली प्रेक्षकसंख्या १९५७ मध्ये सुमारे १० लाखांवर आली. ओमॅलींना अटलांटिक आणि फ्लॅटबुश अव्हेन्यूच्या चौकात नवे, छत असलेले स्टेडियम हवे होते. बांधकामाचा खर्च ते करणार होते. शहराने जागा संपादित करून ती आपल्याला विकावी, एवढीच त्यांची मागणी होती.

घोडे कुठे अडले?

न्यूयॉर्कच्या बांधकाम धोरणांवर पकड असलेले अधिकारी रॉबर्ट मोझेस यांनी नकार दिला. खासगी स्टेडियम हे सार्वजनिक हिताचे काम नाही, अशी त्यांची भूमिका होती. त्यांनी क्वीन्समधील जागेचा पर्याय दिला. पण तिथे गेलेला संघ ब्रुकलिनचा राहणार नाही, असे ओमॅलींचे म्हणणे होते. मोझेस कधीही निवडणूक जिंकून पदावर आले नव्हते, त्यामुळे मतदारांच्या रोषाची त्यांना फिकीर नव्हती. चाहत्यांच्या डोळ्यांसमोर होते ते ओमॅलीच.

मग ओमॅली निर्दोष होते का?

तसेही नाही. डॉजर्स तोट्यात नव्हता. उलट भरघोस कमाई करणाऱ्या संघांत त्याची गणना होई. लॉस एंजेलिसने सुमारे ३०० एकर जागा देऊ केली, तेव्हा ओमॅलींनी व्यवहार पाहिला. त्या शावेझ रविन भागातील बहुतेक मेक्सिकन-अमेरिकी कुटुंबांना शहराने आधीच, सरकारी घरकुल योजनेच्या नावाखाली उठवले होते. ती योजना बारगळली. उरलेल्या अखेरच्या कुटुंबांना मे १९५९ मध्ये बळाने बाहेर काढण्यात आले. १९६२ मध्ये तिथे डॉजर स्टेडियम उभे राहिले.

आज त्यांच्याकडे कसे पाहिले जाते?

ओमॅलींचे १९७९ मध्ये निधन झाले. पुढे कागदपत्रे तपासणाऱ्या अभ्यासकांनी मोझेस यांच्याकडेही बोट दाखवले. २००८ मध्ये ओमॅलींना बेसबॉलच्या ‘हॉल ऑफ फेम’मध्ये स्थान मिळाले. ब्रुकलिनच्या त्याच चौकात २०१२ मध्ये बार्कलेज सेंटर हे खासगी विकासकाचे क्रीडागृह सुरू झाले. त्या प्रकल्पासाठी सरकारने सक्तीच्या भूसंपादनाचा अधिकार वापरला. ओमॅलींना मात्र तीच मदत नाकारली गेली होती.