कवीश्वर भास्करभट्ट बोरीकर

परभणी जिल्ह्यातील बोरी या गावाचे नाव मराठी सारस्वतात कायमचे राहिले ते भास्करभट्टांमुळे. नागदेवाचार्यांच्या सहवासात त्यांना परमार्गाचा बोध झाला आणि संस्कृत काव्यशास्त्रात मुरलेला हा पंडित भिक्षूंच्या मेळाव्यात येऊन बसला. शास्त्र संस्कृतात बांधले गेले तर साध्याभोळ्या म्हाताऱ्या बायका त्याला मुकतील, अशी आचार्यांची चिंता होती. भास्करभट्टांनीही आपली व्युत्पत्ती मराठी ओवीच्या सेवेला लावली.

चौदाव्या शतकाच्या आरंभी त्यांनी शिशुपालवध रचला. भागवताचा दशम स्कंध आणि माघाचे काव्य यांच्या आधारे रचलेल्या या ग्रंथाच्या १०८७ ओव्या आहेत. श्रीकृष्ण-रुक्मिणीचा प्रणयकलह, वसंत, जलक्रीडा यांत कवीची वाणी इतकी रंगते की शिशुपालाचा वध दूरच राहतो. हा ग्रंथ गुरुबंधूंनी पाहिला. कौतुकाची अपेक्षा कोणत्या कवीला नसते? अभिप्राय मिळाला तो असा की, ग्रंथ चांगला उतरला आहे, परंतु तो शृंगारप्रिय प्रवृत्तांच्या उपयोगाचा आहे, निवृत्तांच्या नव्हे.

सर्वसंगपरित्याग केलेल्या पुरुषाला याहून झोंबणारे काय असावे? हा आक्षेप रचनेवर नव्हता. आचरलेला धर्म आणि लिहिलेला ग्रंथ यांचा मेळ बसत नाही, असा होता. अशा आक्षेपाला पांडित्याने उत्तर देता येते, आणि पंडित बहुधा तेच करतात. भास्करभट्टांनी दुसरा ग्रंथ लिहिला. भागवताच्या एकादश स्कंधावरील ८२७ ओव्यांची उद्धवगीता ती हीच. एकनाथांचे त्याच स्कंधावरील भाष्य १५७३ मध्ये पूर्ण झाले. त्याच्या सुमारे अडीच शतके आधीची ही टीका. काव्य म्हणून शिशुपालवधच अधिक सरस, हे मान्य करण्यात संकोचाचे कारण नाही. उद्धवगीतेचे मोल वेगळे आहे. तिच्यातील संयम कवीने प्रयत्नाने साधलेला आहे.

पहिला ग्रंथ दडविला गेला नाही. साती ग्रंथांत दोन्हींना स्थान आहे, आणि तो प्रतिकूल अभिप्रायही परंपरेने जपला. बाइदेवबासांनंतर मार्गाची धुरा भास्करभट्टांकडे आली. ज्यांच्या ग्रंथातील उणीव सर्व ज्ञानियांना ठाऊक होती त्यांनाच आचार्य मानण्यात कोणाला विसंगती वाटली नाही. आचार्यपदी बसलेल्याच्या उणिवेची आठवण पुसली जाणे हे जगात नित्याचे असूनही येथे तसे घडले नाही. पुढे त्यांच्या परंपरेचा आम्नाय कवीश्वर या नावानेच रूढ झाला. ज्या कवित्वावर आक्षेप आला होता, तेच त्याचे नाव आहे.