आरती साहा आणि ती चाळीस मिनिटं

या हंगामात आमच्या जलतरण संघाच्या सरावाचा तक्ता लिहायचं काम उस्तादांनी माझ्याकडे दिलं. मी रोजच्या फेऱ्या भरत गेलो, एकही दिवस मोकळा सोडला नाही. मग आरती साहा यांच्याबद्दल वाचलं.

त्यांचा जन्म 24 सप्टेंबर 1940 चा, कोलकात्याचा. आई लहानपणीच गेली. चौथ्या वर्षी पोहायला लागल्या, पुढे सचिन नाग यांच्यासारखे गुरू मिळाले. 1952 च्या हेलसिंकी ऑलिम्पिकला गेल्या तेव्हा वय अकरा! त्या वयात आम्ही इथे चादर ताणून घालायला शिकत असतो.

1959 साली, म्हणजे आमच्या भिलाईची पहिली झोतभट्टी पेटली त्याच वर्षी, त्यांनी इंग्लिश खाडीची तयारी केली. तीही तळ्यात. 13 एप्रिलला देशबंधू पार्कच्या तळ्यात सलग आठ तास, नंतर सलग सोळा तास. लाट नाही, पाणी कोमट. खाडीचं पाणी मात्र अंग गोठवणारं.

27 ऑगस्टला स्पर्धा होती. सोबतची होडी वेळेवर आली नाही आणि त्या 40 मिनिटं उशिरा उतरल्या. खाडीत प्रवाह साधारण सहा तासांनी उलटतो, म्हणून तिथे सुटायची वेळ भरती-ओहोटी बघून ठरवतात. इंग्लंडचा किनारा पाचेक मैलांवर असताना प्रवाह समोरून आला. कित्येक तास हात मारूनही अंतर तुटेना. शेवटी बाहेर यावं लागलं. हे वाचून मला रागच आला, कारण चूक त्यांची नव्हतीच.

पण त्या हरून घरी परतल्या नाहीत. तेहतीस दिवसांनी, 29 सप्टेंबरला, फ्रान्सच्या किनाऱ्यावरून पुन्हा उतरल्या. सरळ अंतर जेमतेम 34 किलोमीटर, पण प्रवाहामुळे 42 मैल पोहावं लागलं. 50 मीटरच्या तलावात मोजलं तर सुमारे 1350 फेऱ्या! 16 तास 20 मिनिटांनी सँडगेटला पोहोचून त्यांनी तिरंगा फडकवला. खाडी पोहणारी पहिली आशियाई स्त्री. 1960 साली पद्मश्री मिळाली. 1994 मध्ये काविळीने त्यांचं निधन झालं.

मी तक्ता पुसून पुन्हा लिहिला. शेवटच्या महिन्यात एक आठवडा रिकामा ठेवलाय. उस्तादांनी तो पाहिला आहे, अजून काही बोलले नाहीत.